राक्षसाला अहो-जाहो

४ तारीख, सोमवार

ही डायरी दोन वर्षांपूर्वीची. बँकेने दिलेली, कोरीच पडून होती. छापलेला वार खोडून खरा वार वर लिहिला की झालं. कागद काही शिळा होत नाही.

लिहायला घेतली कारण मनातलं बोलायचं तर समोरून निदान हुंकार यायला हवा. ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तोही बंद आहे. गाठ साधी निघाली, देवाने सांभाळलं, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, गेलेला नाही, आहे. फक्त पूर्वीचा नाही. आता बोलायला लागा, नाहीतर सवय मोडेल आणि कायमचाच बसेल. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला? ह्यांनी जन्मभर घाऊक बाजारात भाजीपाल्याचे लिलाव पुकारले. नुसतं "बोला!" म्हणाले की गाडीवाले भांडण थांबवायचे. आता हातात लेकीची लहानपणीची पाटी. तिच्यावर "पाणी", "पेपर", "मीठ जास्त". मीठ जास्त हे मात्र ठळक अक्षरात. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचं नाव काढलं की पाटी पुसून उलटी ठेवतात.

आज दुपारी ह्यांचा जरा डोळा लागला आणि तळमजल्यावरून किंचाळी आली, "ठार करीन तुला!" थोड्या वेळाने पुन्हा तेच. खाली पूर्वी शिलाईचा कारखाना होता, तिथे आता कुणी रेकॉर्डिंगवाले आलेत. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी ओल्या हातानेच खाली गेले आणि दार वाजवून म्हटलं, "कोण कुणाला ठार करतंय ते एकदाचं करून टाका! वर आजारी माणूस झोपलाय!"

गळ्यात हेडफोन अडकवलेली एक तरुण बाई बाहेर आली. "काकू, तेच परत एकदा म्हणाल?"

मला वाटलं कानाने कमी असेल बिचारी. म्हणून परत म्हटलं, जरा जोरात.

"आत या ना," ती म्हणाली.

५ तारीख, मंगळवार

तर ते असं आहे. परदेशातली एक चित्रांची मालिका आहे, मांत्रिकांची. कार्टून म्हटलं की हेडफोनबाई दुखावते, "काकू, ॲनिमे म्हणा." मालिकेतल्या चित्रांच्या तोंडी आपली भाषा घालायची, हे त्यांचं काम. त्यात एक म्हातारी मांत्रिक आहे, तिला सगळे थोरली म्हणतात. थोरलीचा आवाज देणाऱ्या बाई मधेच रुसून निघून गेल्या आणि दुसरी कुणी मिळेना. काल मी दारात ओरडले ते आतल्या बटणवाल्याने चुकून रेकॉर्ड केलं आणि थोरलीच्या चित्राला लावून पाहिलं. शब्द ओठांशी जुळले, त्यांच्या भाषेत तोंड बसलं म्हणे.

मी स्पष्ट सांगितलं, मी मॅट्रिक झालेली घरातली बाई, मला नाटक येत नाही. त्यावर बटणवाला म्हणाला, "मावशी, नाटक येणारे ढीगभर आहेत. दरडावता येणारं कुणी नाही."

जादूटोण्याचं काम म्हणून मन कचरतं. पण मंत्र वाचून पाहिले, त्यात देवाचं नाव नाही आणि वाईट शब्दही नाही. नुसते दगड गडगडल्यासारखे आवाज. शिवाय पैसे बरे आहेत. ते साठवून व्यायामवाल्या बाईंना घरीच बोलावीन. त्या दारातच उभ्या राहिल्या म्हणजे पाटी उलटी ठेवून भागणार नाही. हे ह्यांना अर्थात सांगितलेलं नाही.

देवाला सांगितलं, रोज परत आल्यावर हातपाय धुऊन जप करीन. त्याने हरकत घेतली नाही.

७ तारीख, गुरुवार

ह्यांना कळलं. मी स्वयंपाक करता करता मंत्र पाठ करत होते, हे दारात येऊन उभे. पाटीवर लिहिलं, "कुकरला का शाप देतेस?"

मग सगळं सांगावं लागलं. (व्यायामवाल्या बाई सोडून.) ऐकून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं रागावले. जन्मभर आवाजावर घर ह्यांनी चालवलं आणि आता मी आवाजाचे पैसे आणणार, पुरुषाला लागतंच. पण थोड्या वेळाने पाटी पुढे केली: "मांत्रिकबाई, चहा मिळेल?"

तेव्हापासून घरात मांत्रिकबाईच.

११ तारीख, सोमवार

काम वाटलं तितकं सोपं नाही. चित्राचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. थोरली धावली की नुसतं धापा टाकायचं, तेही उभ्या जागी. आज मी इतकी धापा टाकली की बटणवाल्याने खुर्ची आणून दिली. खोलीत एसी असतो, दुपारचा आमचा पंखा वाचतो.

खरी अडचण वेगळीच आहे. मालिकेत एक राजा आहे. हजार वर्षांपूर्वी मांत्रिकांनी त्याच्या तोंडावर मोहोर मारून त्याला कोरड्या विहिरीत पुरलं आणि आत राहून राहून त्याचा राक्षस झाला. थोरली विहिरीच्या काठावरून त्याला ललकारते, "अरे ए, ऐकतोस का!" आणि ते माझ्या तोंडून निघतच नाही. मी दर वेळी म्हणते, "ऐकता का."

"काकू, त्याला अहो-जाहो नको," हेडफोनबाई काचेपलीकडून म्हणाली. "राक्षस आहे तो."

"पण राजा आहे ना? आणि वय किती त्याचं! हजाराच्या वर."

"काकू, त्याच्या विहिरीने अख्खं गाव गिळलंय."

"गिळलं असेल. म्हणून काय आपण आपली पायरी सोडायची?"

बटणवाला टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला तो वर येईना.

शेवटी घरी सराव करायचं ठरलं. आज फ्रीजला म्हटलं, "अरे, का गुरगुरतोस?" जमलं. शिडीला म्हटलं, तेही जमलं. हे हॉलमधून बघत होते. पाटी आलीच: "मला म्हणून बघ." मी म्हटलं, "इश्श, काहीतरीच!"

१३ तारीख, बुधवार

आज एक विचित्र झालं. दुपारी भांडी घासत असताना न्हाणीघराच्या बाजूने आवाज आला. कबुतर घुमतं तसा, कु...कु... पण कबुतर इतकं घोगरं नसतं. लाकडावर गंजकी करवत चालवावी तसं काहीतरी. अंगावर काटा आला. त्यातून हे नेमके आत!

दार वाजवलं, "अहो, आत काही आहे का? बाहेर या आधी!"

बऱ्याच वेळाने निवांत बाहेर आले. तोंड धुतलेलं, कान लाल झालेले. पाटीवर लिहिलं: "पाइप."

१६ तारीख, शनिवार

प्लंबर येऊन गेला. सगळे नळ उघडले, बंद केले, पाइपवर पान्ह्याने ठोकून पाहिलं. म्हणाला, "काकू, तुमचे पाइप माझ्यापेक्षा धडधाकट आहेत." आणि फुकटचे पैसे घेऊन गेला. तो ठोकत होता तेव्हा हे पेपरात तोंड घालून बसले होते आणि पेपर हलत होता. आजारपणानंतर हात थरथरतात वाटतं. डॉक्टरांना विचारायला हवं.

दुसरं म्हणजे, मध कमी होतोय. मी रोज सकाळी एक चमचा घेते, बाटली महिनाभर पुरते, हा माझा नेम आहे. आता निम्मा महिना झाला आणि तळ दिसतोय. मुंग्या म्हणाव्यात तर झाकण घट्ट. आणि शेवटच्या भागाची माझी पानं सोमवारपासून न वाचताच देवाजवळ ठेवली होती, ती आज उशाखाली सापडली. ह्यांच्या.

१८ तारीख, सोमवार

शेवटचा भाग वाचला आणि डोकंच फिरलं. थोरली म्हणजे त्या राजाची राणी निघाली! हजार वर्षं नवरा विहिरीत आणि ही बाई काठी आपटत त्याच विहिरीभोवती हिंडतेय. बारा भाग गप्प बसलेला राजा शेवटच्या भागात पहिल्यांदा तोंड उघडणार आहे. थोरली मोहोर तोडणारा मंत्र म्हणते. राजा बोलला तर माणसात येईल, नाही बोलला तर विहीर कायमची मिटेल आणि तो आतच राहील. तो बोलतो. म्हणतो, "कुठे होतीस इतकी वर्षं?" त्यावर हिने म्हणायचं, "मी इथेच होते, राक्षसा! याच काठावर!"

मी आज हेडफोनबाईला म्हटलं, "हे मात्र मला जमायचं नाही. नवऱ्याला राक्षसा कसं म्हणू?"

"काकू, तो राक्षस झालाय."

"झाला म्हणून नवरा राहत नाही का?"

तिचं अजून लग्न व्हायचंय, तिला काय कळणार.

वर आले तर जिन्यातच पुन्हा तो आवाज. कु...कु... आणि मग घशात काही अडकल्यासारखी खरखर. दार उघडेपर्यंत बंद. हे खुर्चीत बसलेले, गळ्यात मफलर, समोर वाफाळतं पाणी. मी विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?" ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. म्हणजे मला एकटीलाच येतोय.

१९ तारीख, मंगळवार

रात्रभर विचार केला. मंत्र म्हणायला लागल्यापासूनच हे सुरू झालंय. मी विहिरीकाठी उभी राहून ज्याला बोलावतेय तोच घरात येऊन बसला असला तर? घरात आधीच एक माणूस आवाज गमावून बसलाय. ही भलती ब्याद ह्यांच्या मुळावर यायची. देवापुढे डोळे मिटून बसले. मन म्हणालं, सोड.

खाली जाऊन सांगितलं. हेडफोनबाईचा चेहरा एवढासा झाला. "काकू, फक्त शेवटचा भाग राहिलाय. आता पुन्हा थोरलीचा आवाज बदलला तर लोक मला विहिरीत पुरतील." तिची दुसरी काळजी म्हणजे राजाचं काम करणारे नट. दिसायला दणकट, स्वभावाने गरीब. पण राक्षसाचा आवाज काढला की पोटात कळ आल्यासारखं वाटतं. बिचारी डोकं धरून बसली होती. मी तिला चहा करून दिला, पण शब्द फिरवला नाही.

२१ तारीख, गुरुवार

दोन दिवस ह्यांनी पाटीच हातात घेतली नाही. मला वाटलं बरं झालं, मांत्रिकबाई प्रकरण संपलं. आज मी भातात मीठ टाकायला विसरले तरी ह्यांनी काही लिहिलं नाही. तेव्हा मात्र घाबरले.

"अहो, झालंय काय?"

पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पुढे केली. "तू गेली नाहीस तर त्याला बाहेर कोण काढणार?"

"कुणाला?"

"राजाला."

मी म्हटलं, "तो चित्रातला आहे हो. दुसरी कुणी काढेल."

पाटी हातातून घेऊन एवढंच लिहिलं, "दुसरीचं तो ऐकेल?" आणि उठून गेले. ताटात भात तसाच.

मला त्यात काय एवढं लागलं ते कळेना. पण त्या म्हाताऱ्या राजाचं वाईट वाटलं खरं. हजार वर्षं गप्प बसायचं म्हणजे. देवाला म्हटलं, एकच दिवस जाते. जे काय घरात आलंय ते मला धरू दे, ह्यांना नको. मग खाली निरोप दिला, उद्या येते.

परत येऊन सांगितलं तर हे म्हणे, म्हणजे लिहिलं, "मीही येतो."

२२ तारीख, शुक्रवार

आजचं आजच लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटायचं नाही.

ह्यांनी ऑपरेशननंतर पहिल्यांदा चपला घातल्या. मफलर गुंडाळून बटणवाल्याच्या शेजारी बसले. मी काचेच्या आत माइकपुढे, शेजारच्या माइकपुढे ते नट.

सुरुवात झाली. विहिरीचं तोंड मिटत चाललंय, थोरली मंत्र म्हणतेय, माझं सगळं एका दमात झालं. आणि राजाचे ओठ हलले. नट म्हणाले, "कुठे होतीस इतकी वर्षं?"

"सर, जरा कमी राक्षस," हेडफोनबाई म्हणाली.

पुन्हा. "आता जरा जास्त झोपेतून उठल्यासारखं वाटतंय."

पुन्हा. पुन्हा. नटांना ठसका लागला. ती म्हणाली, "सर, घसा खराब केल्यासारखा नको. घसा वापरातच नसल्यासारखा हवा. हा माणूस बोलायचंच विसरलाय. आपलाच आवाज ऐकून त्याला भीती वाटतेय."

नट म्हणाले, "मी जरा गरम पाणी पिऊन येतो." आणि गेले. ती मला म्हणाली, "काकू, तोवर तुमचं उत्तर एकटीचंच घेऊ. राजाचे ओठ हलून मिटले की तुम्ही."

लाल दिवा लागला. पडद्यावर विहीर मिटत आली. मी मंत्र म्हटला. मागे दार उघडल्याचं कळलं, पण दिवा लागला की मागे बघायचं नसतं. राजाचे ओठ हलले आणि माझ्या कानाशी ते आलं. न्हाणीघरातलं. तीच गंजकी करवत, कु... आणि मग फाटत, अडखळत, पुढचं सगळं.

"कुठे होतीस इतकी वर्षं?"

आधी वाटलं, आलं. घरातलं ते माझ्यामागून इथपर्यंत आलं. देवाचं नाव घेणार तेवढ्यात मान वळली. शेजारच्या माइकपुढे हे उभे. मफलर सोडलेला, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे पडद्यावर. घामाने चेहरा निथळत होता, एसीत.

पडद्यावर थोरलीचं तोंड उघडलं. मला एवढंच माहीत, तिचं उघडलं की आपलं उघडायचं. कागदावरचं सगळं पुसलं गेलं होतं. मी म्हटलं,

"अहो, इथेच तर होते!"

दिवा तसाच लाल. काचेपलीकडून बटणवाल्याचा आवाज आला, "मॅडम, राक्षसाला अहो?"

"तोंड बसतंय का?" हेडफोनबाईने विचारलं. नाकातून बोलत होती.

"बसतंय. अगदी चपखल."

"मग राहू दे."

नट गरम पाण्याचा कप घेऊन दारातच उभे होते. भला माणूस. कप ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "राजे, हा तुमचा. पण हे जमवलंत कसं?"

हे पाणी प्याले. त्याच आवाजात म्हणाले, "सराव."

"सराव? कुठे केलात सराव?" मी विचारलं.

ह्यांनी हळूच वर छताकडे पाहिलं. बरोबर त्याच्यावर आमचं न्हाणीघर.

"म्हणजे त्या प्लंबरला मी फुकट—"

एसीची हवा डोळ्यांत जात होती.

२४ तारीख, रविवार

काही म्हणा, थोरलीच्या मंत्रात जोर आहे. डॉक्टरांनी इतके दिवस सांगून झालं नाही ते तिने करून दाखवलं. मी देवापुढे तिच्यासाठीही हात जोडले. परदेशी चित्रातली का असेना, बाई गुणाची.

आता दिवसभर बोलतात. आवाज मात्र तसाच, फाटका. सकाळी दारात पेपरवाल्याला "थांब" म्हणाले तर तो सायकलवरून पडता पडता वाचला. हेडफोनबाई विचारायला आली होती, पुढच्या मालिकेत एक बोलणारा डोंगर आहे, काका येतील का. काकांनी मानधनाची घासाघीस सुरू केली, लिलावातल्यासारखी. मी आत जाऊन दार लोटून घेतलं. मला हसू आवरत नव्हतं.

मी विचारलं, "मग त्या व्यायामवाल्या बाईंकडे जायला काय झालं होतं?"

मफलरशी चाळा करत बसले. मला वाटलं परत पाटी मागतात की काय. मग म्हणाले, "तिथे माणसासारखं बोलायला सांगतात. तुझ्याकडे राक्षसासारखं चालत होतं."

माझ्याकडे कसलं, ते काम तर हेडफोनबाईचं. पण आजारातून उठलेल्या माणसाला कशाला दुरुस्त करा.

आत्ता हे लिहीत असताना न्हाणीघरातून गर्जना आली, "टॉवेल!"

मी पेन ठेवून उठले आणि बोलून गेले, "अरे, थांब, आणते!"

जीभच चावली. फ्रीजला, शिडीला करून करून शेवटी इथे निघालं. आतलं पाणी बंद झालं. मी टॉवेल छातीशी धरून दाराबाहेर उभी. आणि मग ती करवत सुरू झाली, खर्र खर्र, थांबेचना. क्षणभर कळलं नाही. ऑपरेशनच्या आधीपासून ऐकलं नव्हतं ना, म्हणून. हसत होते.

मध संपलाय. उद्या मोठी बाटली आणायची.